सारीपाट : पुराणापासून आपल्या गुरुवारच्या बैठकीपर्यंत



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पाककृती, भरतकाम, बालसंगोपन यांवर लेख येणारच. चिटणीसबाईंनी मला मात्र आपल्या गुरुवारच्या खेळाच्या बैठकीवर लिहावयास सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी; इतिहास लिहिणे हे माझे काम नव्हे. पण गेल्या वार्षिक सभेत एक प्रश्न निघाला आणि तो माझ्या मनातून जाईना. "संसारी बायकांनी भरदुपारी पट मांडून बसावे, हे शोभते का? हा जुगारच नव्हे का?" असे आपल्याच एका ज्येष्ठ भगिनीने विचारले. त्यानंतर एका घरची सून बैठकीला यावयाची थांबली. घरातून तिला मनाई झाली असे कळले. रागावण्यापेक्षा हा खेळ मुळात काय आहे, कोणी खेळला, आणि त्यात आपण बायका कोठे होतो, हे पाहावे असे मी ठरवले. वाचनालयातली पुस्तके, सहलीत डोळ्यांनी पाहिलेले आणि थोरांकडून ऐकलेले, यांतून जे हाती लागले ते येथे देत आहे.

प्रथम पट म्हणजे काय ते तरुण मुलींसाठी सांगते. कापडाचा फुलीच्या आकाराचा पट असतो. त्याला चार पट्ट्या. प्रत्येक पट्टीत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चोवीस घरे. चार पट्ट्यांची मिळून 96 घरे, आणि मधोमध एक मोठे घर, तेथे सोंगटी पोहोचली की ती पिकली. चार रंगांच्या चार-चार मिळून सोळा सोंगट्या. लांबट फासे टाकून खेळला तर तो चौसर किंवा सारीपाट. कवड्या टाकून खेळला तर पचीशी, कारण तिच्यात पंचवीसचे दान असते. आपल्या मंडळाचा पट एका भगिनीने जुन्या खणांचे तुकडे जोडून शिवला आहे. तो घडी करून पिशवीत मावतो. दारूगोळा म्हणाल तर इतकाच.

या खेळाचा सर्वांत जवळचा पुरावा पाहावयाचा तर जालन्याहून सुमारे 90 किलोमीटरवरच्या वेरुळास जावे. मंडळाच्या सहलीत आपण कैलास लेणे पाहिले आणि पाय दुखू लागले म्हणून पुष्कळजणी बसून राहिल्या. ज्या पुढे गेल्या त्यांनी 14 क्रमांकाचे 'रावण की खाई' आणि 21 क्रमांकाचे रामेश्वर लेणे पाहिले असेल. शंकर आणि पार्वती सारीपाट खेळत बसले आहेत, असे शिल्प या लेण्यांत आहे. 29 क्रमांकाच्या धुमार लेण्यातही ते आहे. हे काम तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचे. म्हणजे त्या काळच्या कारागिराला नवराबायको समोरासमोर बसून खेळतात यात काही वावगे वाटले नाही. उलट देवांचा संसार दाखवायचा तर हा प्रसंग घ्यावा असे वाटले. पार्वती तेथे शंकराच्या मागे उभी नाही, त्याच्या बरोबरीने खेळायला बसलेली आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, द्यूतप्रतिपदा हे नाव याच कथेवरून आहे. त्या दिवशीच्या डावात पार्वती जिंकली आणि शंकर सर्वस्व हरले, असे पुराण सांगते. कोजागरीच्या जागरणातही फाशांचा खेळ खेळावा असे व्रतात सांगितले आहे. तेव्हा आपल्या धर्माने बाईला पटाजवळ येऊ दिले नाही, असे कोणी म्हणू नये.

पण याच फाशांची दुसरी कथा आपण सर्वजणी जाणतो. हस्तिनापूरच्या सभेत धर्मराज राज्य हरले, भाऊ हरले, स्वतःला हरले, आणि मग द्रौपदीला पणाला लावले. तिला सभेत ओढून आणले तेव्हा तिने विचारलेला प्रश्न कायद्याचा होता : राजाने आधी स्वतःला हरवले की मला? जो स्वतःच दास झाला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला का? भीष्मासारख्या थोरालाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. नळराजाची कथाही तशीच. पुष्कराशी खेळताना नळ राज्य हरत चालला, तेव्हा दमयंतीने वेळीच सारथ्याबरोबर आपली दोन्ही मुले विदर्भात कुंडिनपुरास माहेरी पाठवून दिली. सर्व गेल्यावर पुष्कर म्हणाला, आता दमयंतीला लाव. नळाने त्या वेळी ते केले नाही, म्हणून आपण त्याला चांगला म्हणतो. पण पुढे ऋतुपर्ण राजाकडून फाशांची विद्या शिकून नळ परत खेळावयास बसला, तेव्हा त्यानेही दमयंतीला पणात धरलेच. तो जिंकला म्हणून कोणी बोलत नाही, इतकेच.

आपल्या मराठवाड्याच्या पायवाटांवरून फिरलेल्या चक्रधरस्वामींच्या चरित्रातही एक द्यूत आहे. पूर्वाश्रमी ते गुजरातेतील हरपाळदेव होते. जुगारात हरले आणि देणे फेडण्यासाठी पत्नी कमळाइसेकडे तिचे दागिने मागितले. तिने दिले नाहीत. त्यातूनच त्यांना संसाराचा वीट आला, असे महानुभाव परंपरा सांगते. सगळेजण त्यांच्या वैराग्याबद्दल बोलतात. मी मात्र हे वाचताना कमळाइसेचा विचार करत राहिले. अंगावरचे सोने हे बाईचे एकच हक्काचे धन. ते जुगाराच्या देण्यात घालणार नाही, असे तिने सांगितले, यात तिचे काय चुकले?

हे मला लागते, कारण माझ्या माहेरच्या गल्लीत मी असेच एक घर पाहिले आहे. त्या घरातला कर्ता माणूस पत्त्यांवर पैसे लावी. आधी बैलजोडी गेली, मग विहिरीजवळचा तुकडा गेला, शेवटी काकूंच्या गळ्यात काळी पोत तेवढी उरली. आमच्या आईने त्यानंतर घरात पत्ते येऊ दिले नाहीत. ज्येष्ठ भगिनींना जुगाराची भीती वाटते, ती खोटी नाही. त्यांनीही असे एखादे घर पाहिले असणार.

म्हणूनच खेळ आणि जुगार यांतला फरक इतिहासात नीट पाहिला पाहिजे. अकबर बादशहाचा मंत्री अबुल फजल हा काही काळ जालन्यात राहिला होता, अशी गॅझेटिअरात नोंद आहे. आपल्या गावाशी त्याचा हा संबंध पुष्कळांना ठाऊक नसेल. त्याने जालन्यास येण्यापूर्वी लिहिलेल्या 'ऐन-ई-अकबरी'त चौपडीचे वर्णन आहे : सोळा सोंगट्या, चार पट्ट्या, चोवीस-चोवीस घरे. म्हणजे सोळाव्या शतकातला पट आणि आपला खणाचा पट यांत काडीचा फरक नाही. तो सांगतो की दरबारात कधी कधी दोनशेहून अधिक माणसे या खेळात असत. सोळा डाव पुरे झाल्याशिवाय कोणाला घरी जाता येत नसे, आणि काहींचे ते डाव तीन-तीन महिने चालत! आपल्या बैठकीत पाच वाजता मुलांची शाळा सुटते, म्हणून अर्धा डाव मोडून उठावे लागते. बादशहाच्या सरदारांना ती काळजी नव्हती.

फत्तेपूर सिक्रीच्या महालाच्या अंगणात दगडी फरशीवर मोठा पचीशीचा पट आखलेला आजही दिसतो. त्यावर रंगीत वस्त्रे नेसलेल्या दासी सोंगट्या होऊन उभ्या राहत आणि दान पडेल तशा घरोघर सरकत, असे सांगतात. द्रौपदी पणाला लागली होती. येथे तर बाईचीच सोंगटी झाली. दुसऱ्याने फासा टाकावा आणि आपण सरकावे. पुष्कळ संसारांत अजूनही असेच चालते, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

खेळांची विद्या आपल्या भागातही होती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात बुद्धिबळ, फासे आणि कवड्यांचे खेळ यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. पुढे 1871 साली औरंगाबादच्या हरिकृष्ण पंडितांनी 'क्रीडाकौशल्य' हा ग्रंथ लिहिला आणि बुद्धिबळासह अनेक बैठ्या खेळांची माहिती एकत्र केली. त्या वेळी जालना औरंगाबादलाच जोडलेले होते. आपला जिल्हा वेगळा झाला तो 1 मे 1981 रोजी. तेव्हा हे पंडित एका अर्थी आपल्याच जिल्ह्याचे. राजाने आणि पंडिताने ज्याला विद्या मानले, त्याला आपण 'रिकाम्यांचा उद्योग' म्हणावे हे काही बरोबर नाही.

मोक्षपटाची गोष्ट आणखी निराळी. वारकरी परंपरेत त्याचे श्रेय ज्ञानेश्वर माउलींना देतात. आपेगाव तर आपल्या शेजारचेच. पटावर शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. शेवटचे घर मोक्षाचे. खेळता खेळता लेकराला कळावे की रागाने माणूस खाली येतो आणि दयेने वर चढतो. हाच खेळ साहेबाच्या देशात गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे सापशिडी म्हणून विकला जाऊ लागला. आपल्या पचीशीचेही तसेच झाले. 1896 च्या सुमारास तेथे तिचा 'लुडो' झाला, आणि रंगीत पुठ्ठ्यावर छापून आपल्याकडे विकत आला. आपलेच लुगडे धुऊन आपल्यालाच आहेर केला म्हणावयाचे!

आपल्या भाषेतही हा पट किती मुरला आहे ते पाहा. डाव साधला, फासे उलटे पडले, शह दिला, मात केली, चोराने पोबारा केला : हे सारे शब्द पटावरचे. जी बाई कधी पटाजवळ बसली नाही, तीसुद्धा हे शब्द बोलते.

आता अलीकडचे सांगते. बुद्धिबळात महाराष्ट्रातील मुलींनी जे केले ते वाचून ऊर भरून येतो. 1974 साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी याही राष्ट्रीय विजेत्या झाल्या. रोहिणी तर 1976 मध्ये, अवघ्या तेरा वर्षांच्या असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या. मुलीने पुरुषांत खेळावे का, यावर तेव्हा मोठा वाद झाला होता. सांगलीच्या भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या. आणि जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख या एकोणीस वर्षांच्या मुलीने जॉर्जिया देशातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर कोनेरू हंपी होत्या, म्हणजे दोन्ही बाजूंना भारताच्याच लेकी. द्रौपदीपासून दिव्येपर्यंतचा रस्ता असा लांब आहे. पणातली बाई, पटावरची सोंगटी झालेली बाई, आणि आता स्वतःच्या बुद्धीने डाव खेळणारी बाई.

आपली गुरुवारची बैठक इतकी थोर नाही, हे मान्य. दोन ते पाच, सभागृहाच्या ओसरीवर सतरंजी, एक सारीपाट, एक कॅरम, दोन बुद्धिबळाचे पट, आणि खडूने आखलेली नवकंकरी. नळाला पाणी येण्याचा दिवस असला की हजेरी निम्मी. तरी ही बैठक चालते. तिचा पहिल्यापासून एक नियम आहे : पैसा, सोने, वस्तू, काहीही लावावयाचे नाही, भिशीचा हिशेबसुद्धा त्या दिवशी काढावयाचा नाही. हरणारीने पुढच्या गुरुवारी सर्वांसाठी शेंगदाण्याची चटणी आणावी, एवढाच काय तो दंड.

खरा जुगार कोठे आहे, तेही पाहा. तो घरातल्या खिशात आहे. मोबाइलवर एकट्याने बसून पैसे लावण्याच्या खेळांत किती संसार बुडाले! शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये संसदेला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला. तो जुगार लपून आणि एकट्याने चालतो. आपला पट उघड्यावर, दहाजणींत, हसत चालतो. एकीला दान पडत नसेल तर तिची थट्टा होते आणि तिच्या घरचे दुखणेही त्याच वेळी विचारले जाते. माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत. गुडघ्यांमुळे त्या देवळातही जात नाहीत, पण गुरुवारी रिक्षा बोलवावयास सांगतात. कवड्यांची मोजणी त्यांच्याइतकी जलद कोणालाही येत नाही. घरात त्यांचे हे कसब आम्हाला इतकी वर्षे दिसलेच नव्हते.

म्हणून ज्या ज्येष्ठ भगिनींनी प्रश्न विचारला, त्यांना माझी नम्र विनंती आहे. त्यांनी एका गुरुवारी यावे. खेळू नये वाटले तर खेळू नये. नुसते बसावे आणि आमचा नियम पाळला जातो की नाही हे पाहावे. तो मोडलेला दिसला तर बैठक बंद करण्याचा ठराव त्यांनी जरूर मांडावा. आणि ज्या सुनेला मनाई झाली, तिच्या सासूबाईंकडे आपण तिघीचौघींनी हळदीकुंकवाच्या निमित्ताने जाऊन यावे. त्यांनाही पट येत असेलच. त्यांच्या पिढीत तो कोणाला येत नव्हता? सून-सासू दोघींसाठी जागा ठेवलेली आहे. सोंगट्या चार रंगांच्या आहेत आणि खेळावयास चौघी लागतात.