घोणस, घड्याळ आणि किडनी

सर्पदंश म्हटलं की आपल्याला नाग आठवतो. सिनेमात नाग, गोष्टीत नाग, पंचमीला पूजाही नागाची. पण भारतात सर्पदंशानं होणाऱ्या मृत्यूंमध्ये सर्वांत मोठा वाटा घोणशीचा मानला जातो. जाडसर तपकिरी अंग, पाठीवर साखळीसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन रांगा आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार, अशी ही घोणस. आंदर मावळ असो, नाणे मावळ असो की पवन मावळ, तिन्ही खोऱ्यांत भात पिकतो. भातामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे घोणस. लावणीत चिखलात उतरलेला पाय आणि कापणीत पेंढीखाली घातलेला हात, दोन्ही तिच्या टप्प्यात असतात.

नाग चावला तर श्वास बंद पडून काही तासांत माणूस जाऊ शकतो. घोणशीचं तसं नसतं. दंशाच्या जागी आग होते, पाय सुजतो, हिरड्यांतून रक्त येतं. पुढे एखाद-दोन दिवसांत लघवी कमी होते, कधी थांबतेच. माणूस वाचला म्हणून घरचे निर्धास्त झालेले असतात, तेवढ्यात डॉक्टर सांगतात, किडनी बंद पडली. मृत्यू झालाच तर आठ-दहा दिवसांनी, आणि कागदावर कारण लिहिलं जाण्याची शक्यता असते फक्त 'मूत्रपिंड निकामी'. साप त्या कागदातून निसटतो.

सापाच्या विषावरच्या औषधाला अरबी आणि फारसीत तिर्याक म्हणतात. हा शब्द आपल्याकडे उर्दूतून आला, पण त्याचं मूळ ग्रीक आहे. ग्रीक वैद्यांच्या या औषधात डझनावारी घटक पडत आणि त्यात खुद्द सापाचं मांसही असे. अरब हकिमांनी ते उचललं आणि पुढे नेलं. हिजरी ५९५, म्हणजे इसवी सन ११९९ सालची 'किताब अल्-दिर्याक'ची एक सचित्र हस्तलिखित प्रत आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

योगायोग असा, की त्याच वर्षी कैरोत विषांवर आणखी एक पुस्तक लिहिलं गेलं. लिहिणारे मूसा बिन मैमून हे यहुदी हकीम आणि लिहवून घेणारे सुलतान सलाहुद्दीनचे वजीर राहिलेले काझी अल्-फाझिल. तिर्याकचे घटक इजिप्तमध्ये मिळत नसत. काझींनी ते लांबलांबच्या मुलखांतून मागवले आणि औषध तयार करवून लोकांसाठी ठेवलं. तरी त्यांना एक चिंता होतीच. साप चावलेला माणूस औषधापर्यंत पोहोचायच्या आत मेला तर? तेवढ्या वेळात काय करावं, हे सामान्य माणसाला कळेल असं लिहा, अशी त्यांनी मूसांना आज्ञा केली. त्या पुस्तकातले बरेचसे उपाय आज बाद झाले आहेत. दंशाच्या वर घट्ट बांधणं आणि जखम चोखणं हे दोन्ही आता डॉक्टर निषिद्ध मानतात. पण औषध असणं वेगळं आणि ते वेळेत मिळणं वेगळं, ही ८०० वर्षांपूर्वीची समज मला आजही बरोबर वाटते.

इंग्रजीत घोणशीला 'रसेलचा साप' म्हणतात. हे पॅट्रिक रसेल स्कॉटलंडचे डॉक्टर. भारतात येण्याआधी त्यांनी बरीच वर्षं सिरियातल्या हलब शहरात काढली होती आणि तिथली प्लेगची साथ जवळून पाहिली होती. पुढे ते आंध्रच्या किनाऱ्यावर ईस्ट इंडिया कंपनीचे निसर्गअभ्यासक झाले. लोक कोणत्या सापाला खरोखर घाबरतात आणि कोणत्या सापाला उगाच, याचा त्यांनी शोध घेतला. कोंबड्या-कुत्र्यांवर प्रयोग केले आणि १७९६ मध्ये भारतीय सापांवर मोठा ग्रंथ काढला.

त्यानंतर जवळजवळ १०० वर्षं खरा इलाज नव्हताच. १८९०च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आल्बेर काल्मेत यांनी जनावराला थोडंथोडं विष टोचून त्याच्या रक्तातून प्रतिविष मिळवलं. हे एकच औषध सगळ्या सापांवर चालेल, असं त्यांना वाटत होतं. ते चूक आहे हे दाखवणाऱ्यांत जॉर्ज लँब हे डॉक्टर होते. मुंबईतल्या परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, त्यांनी घोणशीच्या विषावर काम केलं. नागाच्या विषाविरुद्धचं औषध घोणशीच्या विषाला अडवत नाही, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच स्पष्ट झालं.

घोणशीच्या विषाची खासियत रक्तात आहे. या विषानं रक्त गोठतं. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये मॅकफर्लेन आणि बार्नेट यांनी हेच विष अत्यंत पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवायला वापरलं. आजही मोठ्या लॅबमध्ये रक्ताच्या एका तपासणीसाठी घोणशीचं विष लागतं. मग चावल्यावर रक्त वाहत का राहतं? कारण विषामुळे शरीरभर बारीकबारीक गुठळ्या होतात आणि त्यात गोठण्याचं सगळं सामान संपून जातं. त्या गुठळ्या किडनीतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. वर रक्तदाब घसरतो, फुटलेल्या तांबड्या पेशींचा गाळ किडनीच्या नळ्यांत साचतो आणि विष त्या नळ्यांच्या पेशींनाही थेट इजा करतं. नळ्याच बिघडल्या असतील तर काही आठवड्यांत किडनी सावरू शकते. पण किडनीचा बाहेरचा थर मेला, तर ते नुकसान बहुतेक वेळा भरून येत नाही.

हे कळायला किडनीचा अभ्यास करणारे डॉक्टर लागले आणि रुग्णाला तोवर जगवणारं यंत्र लागलं. डायलिसिसचं यंत्र कोल्फ यांनी १९४३ मध्ये, जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये बनवलं. भारतात ते १९६०च्या दशकात आलं. चंदीगडला डॉ. के. एस. चुघ आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. विद्या आचार्य यांनी सर्पदंशानंतरच्या किडनीविकाराचा पद्धतशीर अभ्यास केला. आचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पश्चिम भारतातल्या अशा रुग्णांवरचा निबंध १९८९ मध्ये आला. युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांत या आजाराला फारशी जागा नव्हती. तो शेतमजुरांचा आजार होता आणि त्याच्यावर आपल्याच डॉक्टरांना लिहावं लागलं.

आता आजचं संशोधन. त्यातल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडतं, किडनीत झालेलं नुकसान ते परत फिरवत नाही. म्हणून दंश आणि पहिली बाटली यांच्यातले तास निर्णायक ठरतात.

दुसरी गोष्ट प्रतिविषाच्या बाटलीबद्दल आहे. हाफकिनचे घोडे मावळच्या शेजारी पिंपरीत आहेत. पण भारतात प्रतिविषासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. ती १९७८ मध्ये स्थापन झाली आणि तिनं देशात असंख्य जीव वाचवले आहेत. मात्र घोणशीचं विष सगळीकडे सारखं नसतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले कार्तिक सुनगर आणि सहकाऱ्यांनी ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचं विष तपासलं. २०२५ मध्ये त्यांनी दाखवलं की पाऊस आणि तापमानाप्रमाणेही विषातले घटक बदलतात. सह्याद्रीचा धुवाधार पाऊस आणि सोलापूरचा कोरडा माळ यांना एकच बाटली सारखी लागू पडेल का, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. आज हाताशी असलेलं औषध तेच आहे आणि ते घ्यायलाच हवं, पण प्रत्येक प्रदेशासाठी औषध सुधारण्याची मागणीही रास्त आहे.

तिसरी, घरी परतलेला रुग्ण बरा झाला असं धरून चालत नाही. काहींची किडनी पुढच्या महिन्यांत-वर्षांत हळूहळू झिजते, रक्तदाब वाढतो. ज्याला आपण अचानक आलेला किडनीचा आजार समजतो, त्याची सुरुवात कधीकधी जुन्या दंशात असते.

आता मोजणीकडे येतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. घरोघरी जाऊन मृत्यूची चौकशी करणाऱ्या अभ्यासातून २०२० मध्ये हा आकडा पुढे आला. सरकारी रुग्णालयांच्या नोंदीतला आकडा याच्या कितीतरी खाली होता. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करण्याचा आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करा, असं राज्यांना सांगितलं. नोंदीचा संबंध पोटाशीही आहे. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशानं गेलेल्या शेतकऱ्याच्या घराला दोन लाख रुपये मिळतात. कागदावर सापच नसेल तर त्या बाईनं दावा कशाच्या आधारावर करायचा?

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. साप चावल्यावर आधी दर्ग्यावर किंवा दम करणाऱ्या बाबांकडे नेण्याची रीत आपल्यात आहे, तशी शेजाऱ्यांत भगताकडे नेण्याची आहे. सूरह फातिहा पढून दंश उतरल्याची रिवायत मीही लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि तिच्यावर वाद घालण्याची माझी इच्छा नाही. पण इलाज करण्याची शिकवणही त्याच रसूलची आहे. दुआ रिक्षात बसूनही होते, ॲम्ब्युलन्समध्येही होते. अनेक दंश बिनविषारी सापांचे असतात, म्हणून दम केल्यावर उतार पडलेला दिसतो आणि बाबांची ख्याती वाढते. घोणशीच्या दंशात मात्र तो एक तास किडनीच्या हिशोबातून वजा होतो.

म्हणून काझी अल्-फाझिल यांनी मूसांकडून मागितलं होतं तसं, सामान्य माणसाला कळेल इतकंच लिहितो. दंशाची वेळ लक्षात ठेवा. पाय न हलवता ठेवा, अंगठी-पैंजण काढा, घट्ट बांधू नका, ब्लेड लावू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल ते वाहन घेऊन प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. साप शोधत बसू नका. तिथे काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त २० मिनिटं ठेवून ते गोठतं का, एवढं पाहिलं तरी घोणशीचा अंदाज येतो. लघवी किती आणि कोणत्या रंगाची होते, हे डॉक्टरांना सांगत राहा. केसपेपरवर 'सर्पदंश' हा शब्द लिहून घ्या. आणि घरी आल्यावरही तीन महिन्यांनी, मग दरवर्षी, क्रिएटिनिन आणि रक्तदाब तपासून घ्या.