हा छोटा घोडा ‘रोन’ आहे की ‘ग्रे’? मिनिएचर घोड्याचा खरा रंग कसा ओळखतात?

मिनिएचर घोड्यांचे रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. जेमतेम कंबरेपर्यंत उंची, डोळ्यांवर आलेली आयाळ आणि कुत्र्यासारखी मागेमागे धावायची सवय. अमेरिकेतल्या मिनिएचर घोड्यांच्या मुख्य नोंदणीत प्रौढ घोडा ३४ इंचांपेक्षा, म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटरपेक्षा उंच चालत नाही. अशा एखाद्या घोड्याचं अंग निळसर राखाडी आणि तोंड काळं असलं, की कमेंट्समध्ये हमखास वाद सुरू होतो. कुणी म्हणतं ग्रे, कुणी ब्लू रोन, कुणी सिल्व्हर.

घोड्यांची पैदास करणाऱ्यांसाठी हा वाद फक्त हौसेचा नसतो. रंग ठरवणारी काही जनुकं डोळ्यांवर, त्वचेवर आणि कधी कधी थेट शिंगराच्या जिवावरही परिणाम करतात.

आधी मूळ रंग

घोड्याच्या केसांत रंगद्रव्यं दोनच असतात, काळं आणि तांबूस. काळं रंगद्रव्य तयार होणार की नाही, हे एक जनुक ठरवतं. ते अंगभर पसरणार की फक्त आयाळ, शेपूट आणि पायांपुरतं राहणार, हे दुसरं जनुक ठरवतं. यातून तीन मूळ रंग मिळतात: काळा, बे आणि चेस्टनट. बे म्हणजे तपकिरी अंग आणि काळी आयाळ, ज्याला आपल्याकडे कुमैत म्हणतात. चेस्टनट म्हणजे सगळाच तांबूस. बाकीचे सगळे रंग याच तिघांवर चढवलेले थर आहेत. त्यामुळे ‘हा रोन आहे का?’ याआधी ‘याच्या खाली मूळ रंग कोणता?’ असं विचारायला हवं.

रोन म्हणजे नेमकं काय?

काळ्या तिळांत पांढरे तीळ मिसळावेत, तसे रंगीत केसांत पांढरे केस मिसळलेले असतात. अबलख घोड्यावर पांढऱ्या रंगाचे वेगळे पट्टे दिसतात, इथे तसं नसतं. काळ्या घोड्यावर ही मिसळण झाली की ब्लू रोन, बेवर झाली की बे रोन आणि चेस्टनटवर झाली की रेड रोन.

खरी खूण मात्र अंगावर नाही, तोंडावर आणि पायांवर सापडते. खऱ्या रोनचं डोकं, आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय गडदच राहतात. पायांचा गडद रंग गुडघ्याच्या वर टोकदार होत संपतो, उलट्या ‘व्ही’सारखा. दुसरी खूण मला फार आवडते. रोन घोड्याला खरचटलं, चावा बसला किंवा जखम झाली, की तिथे पुन्हा येणारे केस पांढऱ्याऐवजी गडद येतात. अशा घोड्याच्या अंगावर त्याच्या जुन्या भांडणांचा नकाशाच असतो म्हणा ना.

ऋतूप्रमाणे रोन कमीजास्त उठून दिसतो, पण वय वाढलं म्हणून तो पांढरा होत जात नाही. ग्रे आणि रोन यांच्यातला मोठा फरक हाच. ग्रे घोडा काळा, तांबूस, कुठल्याही रंगाचा जन्मतो आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. सुरुवात बहुतेकदा तोंडापासून, डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखी होते. म्हणजे अंग फिकट आणि तोंड गडद असेल तर रोनची शक्यता जास्त. तोंडच आधी पिकत असेल तर ग्रे.

पूर्ण पांढऱ्या झालेल्या ग्रेचीही गंमत आहे. केसांखाली त्याची त्वचा काळीच असते. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ज्याला नुकरा म्हणतात, त्याची त्वचा गुलाबी असते. त्यामुळे केस बाजूला करून त्वचा पाहणं ही अगदी साधी, पण कामाची तपासणी आहे.

मिनिएचरमध्येच एवढा गोंधळ का?

पहिलं कारण केसांचं. मिनिएचरची शिंगरं लोकरीसारखे दाट केस घेऊन जन्मतात. रोन त्याखाली लपून राहतो आणि पहिले केस झडल्यावर एकदम दिसू लागतो. प्रदर्शनासाठी हे केस यंत्राने बारीक कापतात, तेव्हा साधा काळा घोडाही करडा दिसू शकतो. त्यामुळे नुकतेच केस कापलेल्या घोड्याच्या फोटोवरून रंग ठरवू नये.

दुसरं कारण असं, की या घोड्यांत रंगाची अनेक जनुकं एकत्र नांदतात. सिल्व्हर हे त्यातलं खास. ते फक्त काळं रंगद्रव्य फिकं करतं. काळा घोडा चॉकलेटी होतो आणि आयाळ-शेपूट रुपेरी. चेस्टनटमध्ये काळं रंगद्रव्यच नसल्यामुळे तिथे सिल्व्हर असूनही दिसत नाही.

तिसरा चकवा ‘व्हार्निश रोन’चा. नावात रोन असलं तरी हे ठिपकेवाल्या घोड्यांचं, लेपर्ड कॉम्प्लेक्सचं काम आहे. हा रंग वयाबरोबर फिकट होतो, पण गालाचं हाड, कंबरेचं हाड, गुडघे असे उंचवटे गडद राहतात. तोंडाभोवतीची त्वचा चितकबरी, डोळ्यांत बुबुळाभोवती पांढरा भाग आणि खुरांवर उभे पट्टे. फक्त पट्ट्यांवर विसंबू नका, कारण सिल्व्हर शिंगरांच्या खुरांवरही ते असतात. याशिवाय राबिकानो आहे. त्यात पांढरे केस कुशीत आणि शेपटीच्या मुळाशी गोळा होतात, अंगभर पसरत नाहीत.

चुकीचं नाव पडलं तर काय बिघडतं?

लेपर्ड कॉम्प्लेक्सच्या दोन प्रती मिळालेला घोडा जन्मापासून रातांधळा असतो. सिल्व्हरचा संबंध डोळ्यांच्या जन्मजात दोषांशी आहे आणि दोन प्रती असतील तर दोष जास्त गंभीर असतात. ग्रे घोड्यांना उतारवयात त्वचेच्या मेलॅनोमा गाठी होण्याचा धोका मोठा असतो.

सगळ्यात वाईट प्रकार ‘फ्रेम’ या पांढऱ्या नक्षीचा. तिची एक प्रत असलेला घोडा ठणठणीत असतो. दोन प्रती मिळालेलं शिंगरू मात्र पांढरंशुभ्र जन्मतं, आतड्यातल्या मज्जापेशी तयार झालेल्या नसल्यामुळे त्याला शेण करता येत नाही आणि ते काही दिवसांतच मरतं. नर आणि मादी दोघांकडेही फ्रेम असेल तर ही शक्यता दर शिंगरामागे २५ टक्के. फ्रेम मिनिएचरमध्येही आहे. कधी ती तोंडावरच्या छोट्या पांढऱ्या पट्ट्यापुरतीच दिसते, कधी ग्रेच्या पांढऱ्या केसांत पूर्ण बुडून जाते.

रोनवरही असा ठपका होता. १९७९ मध्ये बेल्जियन जातीच्या घोड्यांच्या नोंदींवरून असं मांडलं गेलं, की रोनच्या दोन प्रती आलेला गर्भ जगत नाही. पुढे क्वार्टर हॉर्ससारख्या जातींत दोन प्रती असलेले निरोगी घोडे सापडले, तरी जुनी भीती अजून अधूनमधून शेअर होत असते.

मग खात्री कशी करायची?

सुरुवात आई-बापापासून करावी. रोन प्रभावी आहे, एक प्रतही पुरते. म्हणून रोन शिंगराच्या आई-बापांपैकी एक तरी रोन असायला हवा. दोघांतही रोन नसेल, तर पांढऱ्या केसांचं कारण बहुधा वेगळं असतं. अपवाद एवढाच, की पालक ग्रे असून पांढरा झाला असेल तर त्याचा रोन आता दिसणारच नाही.

त्यापुढचा मार्ग प्रयोगशाळेचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुजनुक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी आयाळीचे किंवा शेपटीचे २०-३० केस पाठवले जातात. केस कापून चालत नाहीत. ते मुळासकट उपटावे लागतात, कारण डीएनए मुळाशी असतो. मूळ रंग, सिल्व्हर, ग्रे, लेपर्ड आणि फ्रेम यांच्या थेट चाचण्या आहेत. रोनचं जनुक ‘किट’ नावाच्या जनुकाच्या परिसरात आहे. त्याची चाचणी बरीच वर्षं आजूबाजूच्या खुणांवरून, अप्रत्यक्षपणे होत आली आहे आणि ती प्रत्येक जातीत सारखी भरवशाची नाही. त्यामुळे मिनिएचरचा अहवाल आला तरी तोंड, गुडघे आणि जुन्या जखमांवरचे केस पाहावेच लागतात. पैदास करायची असेल, तर सगळ्यात आधी फ्रेमची चाचणी मागावी.