ऐकण्याची मोजणी : नादकाट्यापासून बेरापर्यंत

श्रवण चाचणी म्हणजे माणसाला कोणत्या पट्टीचा आवाज किती बारीक असेपर्यंत ऐकू येतो, याची मोजणी. भंडारा-पवनी रस्त्यावरच्या अड्याळचा रहिवासी आज या चाचणीसाठी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा नागपूरला जातो, तेव्हा त्याच्यावर एकामागून एक अशा अनेक तपासण्या होतात. त्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांतून घडल्या. तपासणीचा आजचा क्रम बराचसा त्यांच्या जन्माच्या क्रमाशी जुळतो.

मोजणीची साधने नव्हती तेव्हा अंदाजावर भागत असे. वैद्य किंवा डॉक्टर रुग्णाच्या मागे उभे राहून कुजबुजत, खिशातले घड्याळ कानाजवळ धरत. घरातली माणसे तान्ह्या बाळामागे टाळी किंवा थाळी वाजवून पाहत. थाळीची ही परीक्षा आजही खेड्यापाड्यांत होते आणि ती फसवी आहे. थाळीचा दणका ऐकून दचकणाऱ्या बाळाला बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ असे बारीक आवाज मुळीच ऐकू येत नसतील. अशा मुलाचे निदान अनेकदा ते बोलत नाही म्हणून काळजी वाटू लागल्यावरच होते आणि तोवर भाषा शिकण्याची मोलाची वर्षे निघून गेलेली असतात.

तपासणीची सुरुवात प्रश्नांनी होते: त्रास केव्हापासून आहे, कान वाहतो का, कानात आवाज येतो का, चक्कर येते का, घरात कुणाला कमी ऐकू येते का, काम गोंगाटाच्या जागी आहे का. भाताच्या गिरणीत किंवा खाणीत काम करणाऱ्याने शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यावे, कारण सततच्या मोठ्या आवाजाने आलेला बहिरेपणा परतून बरा होत नाही. मग डॉक्टर दिव्याच्या दुर्बिणीतून कान पाहतात. साठलेला मळ किंवा कानाच्या पडद्याला पडलेले भोक इथेच दिसते. मळामुळे निकाल चुकतो, म्हणून तो आधी काढावा लागतो. तपासणीपूर्वी घरी तेल घालणे किंवा काडीने कान कोरणे टाळावे.

यानंतरचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) हे या क्षेत्रातले सर्वांत जुने साधन. लंडनचा तुतारीवादक जॉन शोर याने १७११ मध्ये तो वाद्ये जुळवण्यासाठी बनवला. जर्मनीत एर्न्स्ट वेबर याने १८३४ मध्ये आणि आडोल्फ रिने याने १८५५ मध्ये त्यावर आधारलेल्या चाचण्या मांडल्या. वाजता काटा कपाळावर, कानामागच्या हाडावर आणि कानासमोर धरून रुग्णाला कुठे जास्त ऐकू येते ते विचारतात. दोष बाहेरच्या व मधल्या कानात आहे की आतल्या कानात व मज्जातंतूत, याचा पहिला सुगावा त्यातून लागतो. ही चाचणी वीज नसलेल्या दवाखान्यातही होते, पण ऐकणे किती कमी झाले हे ती सांगत नाही.

तो आकडा यंत्राने दिला. डेव्हिड ह्यूज याने १८७९ मध्ये विजेवर चालणारे श्रवणमापक मांडले. १९२० च्या दशकात अमेरिकेत व्यवहारात वापरता येईल असा ऑडिओमीटर तयार झाला आणि डेसिबल हे एककही त्याच दशकात रुळले. आजची मुख्य चाचणी हीच. रुग्णाला आवाजबंद खोलीत बसवून हेडफोन लावतात. आवाज कितीही बारीक आला तरी बटण दाबायचे किंवा बोट वर करायचे. प्रत्येक कान स्वतंत्रपणे, साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत तपासतात. नंतर कानामागच्या हाडावर छोटे कंपक ठेवून तेच पुन्हा करतात. यात दुखत नाही, सुई टोचत नाही. ऑडिओग्राम या निकालाच्या आलेखावर उजवा कान लाल गोलाने, डावा निळ्या फुलीने दाखवतात. प्रौढांमध्ये २५ डेसिबलपर्यंतचा उंबरठा परंपरेने सामान्य मानला जातो. शब्द ऐकवून ते परत म्हणायला लावण्याची चाचणीही असते. ती रुग्णाच्या ओळखीच्या भाषेत घेतली तरच निकाल खरा येतो.

मात्र ही चाचणी रुग्णाच्या उत्तरावर अवलंबून आहे, आणि तान्हे बाळ उत्तर देऊ शकत नाही. ही अडचण पुढच्या शोधांनी दूर केली. कानातला दाब बदलून पडद्याची हालचाल मोजणारी टिंपॅनोमेट्री विसाव्या शतकाच्या मध्यापासून विकसित झाली. आवाजाला मेंदूकडे जाणारी नस व मेंदूचे खोड कसा प्रतिसाद देतात, हे त्वचेवरच्या इलेक्ट्रोडने टिपण्याची पद्धत ज्युवेट आणि विलिस्टन यांनी १९७१ मध्ये मांडली. रुग्णालयात तिला ‘बेरा’ म्हणतात. ती झोपलेल्या बाळावर करतात. डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये निरोगी आतला कान स्वतः क्षीण आवाज परत पाठवतो हे दाखवले. त्यावर आधारलेली ओएई चाचणी काही मिनिटांत होते.

भारतात कर्णबधिरांच्या शिक्षणाची सुरुवात १८८० च्या दशकात मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांच्या शाळेने झाली. तपासणीचे प्रशिक्षण मात्र बरेच उशिरा आले. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ ची. मुंबईच्या नायर रुग्णालयातही १९६० च्या दशकात श्रवण व वाचा तज्ज्ञ घडवणारा अभ्यासक्रम सुरू झाला. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने श्रवणदोषाची व्याख्या डेसिबलमध्ये केली. २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती बधिर, तर ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेली कमी ऐकू येणारी ठरते. त्यामुळे ऑडिओग्राम हा हक्काचा कागदही बनला.

बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये आला आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाला. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत मुलांना तपासतात आणि संशयित मुलांना पुढे पाठवतात. अड्याळच्या कुटुंबासाठी आशाताई, अंगणवाडी आणि गावचे ग्रामीण रुग्णालय हा त्या साखळीचा पहिला टप्पा आहे, तर सविस्तर चाचणी जिल्ह्याला किंवा नागपूरला होते.

बाळाची पहिली तपासणी महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांत आणि उपचार किंवा श्रवणयंत्र सहा महिन्यांत, असा नियम आता जगभर मानला जातो. मूल आवाजाकडे वळत नसेल, वेळेवर बोलत नसेल, तर ‘मोठे झाल्यावर बोलेल’ म्हणून थांबू नये. वडीलधाऱ्यांना कमी ऐकू येत असेल तर तेही वय म्हणून सोडून देऊ नये. चाचणी आता आवाक्यात आहे, ती वेळेवर करून घ्यावी.