पिशवी न काढता

‘पिशवी काढली’ हे आमच्या करकंबच्या बायका दात काढल्यासारखे सांगतात. पांढरे जात होते, कंबर दुखत होती, कुणीतरी कॅन्सरची भीती घातली आणि पिशवी गेली. बीडच्या ऊसतोड बायकांमध्ये हे इतके झाले, की २०१९ साली सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

त्याच्या वीस वर्षे आधी आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीहून या भीतीवरचा छोटा इलाज खेड्यांत पोचला होता. हा इतिहास आपल्या घरांत कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो आहे.

बार्शीचे कॅन्सर रुग्णालय नर्गिस दत्त यांच्या नावाचे आहे. नर्गिस, म्हणजे फातिमा रशीद, १९८१ साली कॅन्सरनेच गेल्या. तिथले डॉ. भगवान नेने आणि सहकारी, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची. तिसऱ्यात गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे सिरक्यातलेच आम्ल, लावून पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे.

हा विषाणू शरीरात टिकून राहिला तर पेशी बिघडतात, पण त्यांचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा वर्षे किंवा जास्त लागतात. तेवढ्या मुदतीत बिघडलेला भाग गोठवून मारता येतो. नाहीतर त्या जागी भुलीचे इंजेक्शन देऊन, वीज खेळवलेल्या बारीक तारेच्या फासाने तेवढाच काढता येतो. काम काही मिनिटांचे असते. बाई त्याच दिवशी घरी जाते, पिशवी जागेवर राहते. काढलेला तुकडा तपासायला जातो; आत कॅन्सर लपला असेल तर तिथेच कळते. नंतर काही आठवडे शरीरसंबंध टाळायचे आणि पुढेही तपासणीला जायचे. हे नवऱ्यालाही सांगावे लागते, आणि आपली गाडी तिथेच अडते. उर्दूत गर्भाशयाचा शब्द आणि ‘रहम’, म्हणजे दया, एकाच अरबी धातूतून आले आहेत. वर्गात हे मी सांगतो. घरात मात्र दोन्ही भाषांत गप्प.

निकाल २००९ मध्ये छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरने ३४ बायका दगावल्या, तपासणी न दिलेल्या चौथ्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने आणि वेळेवरच्या इलाजाने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

हा चौथा गट मला सलतो. त्या ३१,४८८ बायकांना माहिती दिली होती, तपासणी कुठे होते तेही सांगितले होते. पण ती नेऊन कुणी दिली नाही. यावर पुढे परदेशातल्या डॉक्टरांनी जाहीर आक्षेप घेतले. तपासणीचा उपयोग होतो हे श्रीमंत देशांना तेव्हाही ठाऊक होते. अभ्यास करणारे म्हणाले, त्या भागात तशी नियमित तपासणी कुणालाच मिळत नव्हती, म्हणून त्यांचे काही काढून घेतले नाही. बोलणे खोटे नाही. पण मग इतकी वर्षे ती का मिळत नव्हती, हा प्रश्न बार्शीच्या डॉक्टरांना नव्हे, सरकारला विचारायचा होता.