परवचा आणि उन्हाळ्याची सुटी

समाजाच्या वार्षिक अंकात पूर्वजांचे शौर्य व दानधर्म यांविषयी नेहमीच लिहिले जाते. यंदा आम्ही एका साध्या, घरगुती प्रथेचा इतिहास समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत. ती प्रथा म्हणजे परवचा.

सरकारी शाळा निघण्यापूर्वी आपल्याकडे पंतोजींच्या शाळा असत. धुळपाटीवर अक्षरे व आकडे गिरवावयाचे आणि सायंकाळी सर्व मुलांनी एका सुरात पाढे म्हणावयाचे, असा तेथील क्रम होता. पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकीही येत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आता नव्या पिढीस सांगावे लागते. हाच नेम पुढे घरोघरी रुजला. शाळा सुटली तरी परवचा सुटत नसे.

हे पाठांतर निरर्थक नव्हते. तेव्हा 1 रुपयाचे 16 आणे, 1 आण्याचे 4 पैसे व 1 मणाचे 40 शेर होत. दीड आणा शेर या भावाने 27 शेर जिन्नस घेतला, तर दिडकी येणारा मुलगा साडेचाळीस आणे, म्हणजे 2 रुपये साडेआठ आणे, असे तोंडी सांगे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861 ते 1865) वऱ्हाडच्या कापसास विलायतेत मागणी वाढली आणि शेतकऱ्याचा बाजाराशी संबंध दृढ झाला. ज्यास हिशेब येत नसे, त्यास दुसऱ्याने मांडलेल्या आकड्यावर अंगठा उठवावा लागे. आमच्या आजोबांनी तो उठविला होता. म्हणूनच त्यांनी वडिलांस शाळेत घातले.

1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे 100 नवे पैसे झाले. पाठोपाठ 1958 पासून किलोग्रॅमची वजने येऊ लागली. सुधारणा योग्यच होती. परंतु अपूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर तिन्हीसांजेचा नेमही हळूहळू गेला. आमचा जन्म त्यानंतरचा. तरीही आर्णीस वैशाखात, अरुणावतीचे पाणी आटलेले असता, वडील आम्हांस अंगणात बाजेवर बसवून दिडकी म्हणवून घेत. तेव्हा राग येई.

पुढे शिक्षक झाल्यावर त्याचे मोल उमगले. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. एप्रिलमध्ये भागाकार बिनचूक करणारी मुले तेव्हा हातच्यापाशी अडखळत. वाचन मात्र तितके विसरत नसत. अमेरिकेत हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली अनेक अभ्यास एकत्र तपासून हेच दाखविले. सुटीत सरासरी महिनाभराचे शिक्षण मागे पडते व गणिताची हानी वाचनाहून अधिक होते. कारण उघड आहे. घरी बोलणे, वाचणे चालूच असते. गुणाकार कोणी विचारीत नाही. आम्ही सुटीसाठी शंभर-शंभर उदाहरणे देत असू, आणि मुले शेवटच्या दोन दिवसांत वह्या भरून आणीत. ती आमची चूक होती. रोज थोडे, हेच परवच्याचे मर्म आम्ही विसरलो होतो.

औटकी परत आणा, असे आमचे म्हणणे नाही. दिवेलागणीनंतर पाव तास तीसपर्यंतचे पाढे आणि कापसाच्या वा किराण्याच्या पावतीतील एक तोंडी हिशेब, एवढे पुरे. पंतोजींच्या शाळेत मुलींस क्वचितच जागा मिळे. आता त्यांनाही बाजेवर बसवावे. भ्रमणध्वनी उत्तर देतो हे खरे, पण ते बरोबर आहे की नाही, याचा अंदाज ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. तो करता आला नाही, तर सही करणारा हातही अंगठाच उठवितो.