अंतराळातला कचरा घरावर पडला तर भरपाई कोण देणार? कायदा काय सांगतो?

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्राच्या अनेक भागांत लोकांनी आकाशातून जळत जाणारे गोळे पाहिले आणि मोबाईलवर टिपले. त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात धातूची भलीमोठी रिंग सापडली. तालुक्यातच पवनपार इथे धातूचा एक गोळाही मिळाला. हे चीनच्या लाँग मार्च रॉकेटचे अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही.

पण ती रिंग एखाद्या घरावर पडली असती, तर त्या कुटुंबाने दाद कुणाकडे मागायची?

नियम काय आहे?

अंतराळ कायद्याचा पाया म्हणजे 1967 चा बाह्य अवकाश करार. खासगी कंपनीने रॉकेट सोडलं, तरी त्याची जबाबदारी तिच्या देशावर असते, असं हा करार सांगतो. भरपाईचे तपशीलवार नियम 1972 च्या उत्तरदायित्व करारात आहेत. भारत आणि चीन या दोन्ही करारांचे सदस्य आहेत.

1972 चा करार वाचायला चांगलाच कडक आहे. अंतराळातल्या वस्तूमुळे जमिनीवर किंवा उडत्या विमानाचं नुकसान झालं, तर ती वस्तू सोडणाऱ्या देशाला भरपाई द्यावीच लागते. त्यासाठी कुणाची चूक होती हे सिद्ध करायची गरज नाही. मृत्यू, दुखापत, आरोग्याची हानी आणि मालमत्तेचं नुकसान, हे सगळं त्यात येतं.

मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की हा हक्क माणसाला नाही, देशाला आहे.

- या कराराखाली दावा सरकारच करू शकतं. तुमच्या सरकारने दावा केला नाही, तर त्याला तो करायला लावण्याची सोय करारात नाही.
- दाव्याची मुदत साधारण एक वर्ष आहे.
- दोन देशांत तोडगा निघाला नाही, तर दावा आयोग नेमता येतो. पण दोघांनी आधी मान्य केलं असेल, तरच त्याचा निर्णय बंधनकारक ठरतो.
- आपल्याच देशाच्या रॉकेटमुळे नुकसान झालं, तर हा करार लागूच होत नाही.

आजवर काय घडलं?

जानेवारी 1978 मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस 954 हा उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. त्यात अणुभट्टी होती. किरणोत्सारी तुकडे जिथे विखुरले, त्या भागात डेने आणि इतर मूलनिवासी समाज राहतात आणि शिकार करतात. कॅनडाने सुमारे 60 लाख कॅनेडियन डॉलरचा दावा केला. 1981 मध्ये 30 लाखांवर तडजोड झाली. दावा शोध आणि सफाईच्या खर्चाचा होता आणि पैसे सरकारला मिळाले. तिथल्या रहिवाशांना या वाटाघाटीत स्वतंत्र पक्ष म्हणून जागा नव्हती.

मार्च 2024 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात एका घराच्या छताला भोक पाडून धातूचा तुकडा आत आला. तो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून टाकून दिलेल्या सामानाचा भाग असल्याचं नासाने मान्य केलं. पण घर अमेरिकन आणि तुकडाही अमेरिकेचाच, त्यामुळे 1972 च्या कराराचा उपयोग नव्हता. कुटुंबाने देशांतर्गत कायद्याखाली नासाकडे 80 हजार डॉलरहून अधिक भरपाई मागितली.

यात मानवाधिकार कुठे येतात?

मानवाधिकारांच्या 1948 च्या जाहीरनाम्यातलं कलम 8 सांगतं की, मूलभूत हक्कांचं उल्लंघन झालं तर प्रत्येक व्यक्तीला परिणामकारक दाद मिळाली पाहिजे. दुसरीकडे, 1967 च्या कराराचं कलम 3 म्हणतं की अंतराळातली कामं आंतरराष्ट्रीय कायद्याला धरूनच व्हायला हवीत. मानवाधिकारांचे नियम हा त्याच कायद्याचा भाग आहे. म्हणजे कागदावर दोन्ही कायदे जोडलेले आहेत. पण पीडित माणसाला थेट उभं राहता येईल असा दरवाजा अंतराळ कायद्यात नाही.

1972 चा करार देशातल्या न्यायालयात जाण्याची वाट मोकळी ठेवतो. त्यामुळे प्रत्येक देशाचा स्वतःचा कायदा महत्त्वाचा ठरतो. भारतात 2017 मध्ये अंतराळ विधेयकाचा मसुदा आला आणि 2023 मध्ये अंतराळ धोरण जाहीर झालं. मात्र धोरण म्हणजे कायदा नव्हे. खासगी कंपन्या रॉकेट बनवू लागलेल्या असताना, भरपाई कुणी, किती आणि किती दिवसांत द्यायची हे स्पष्ट लिहिलेलं असणं सामान्य माणसाच्या हिताचं आहे.

असा तुकडा दिसला तर?

हात लावू नका, त्यावर विषारी इंधनाचे अंश असू शकतात. घरीही नेऊ नका, कारण 1968 च्या करारानुसार ज्या देशाची वस्तू आहे तो ती परत मागू शकतो. लांबून फोटो काढा, पोलीस किंवा तहसीलदारांना कळवा आणि नुकसान झालं असेल तर लगेच पंचनामा करून घ्या. सरकारने उद्या दावा केलाच, तर नुकसानीचा पुरावा म्हणून हेच कागद उपयोगी पडतील.