बिनपाण्याची हजामत

मागच्या रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, मानेवर काय लावू?" पाठोपाठ फोटो. हनुवटीच्या खाली, कंठाच्या दोन्ही बाजूंना लाल पुटकुळ्या, दोनतीन ठिकाणी रक्ताचे ठिपके. तो नुकताच एका हॉटेलात रिसेप्शनवर लागलाय. तिथे रोज गुळगुळीत दाढी हवी, असा नियम. बिचाऱ्याने पाच पात्यांचं महागडं रेझर घेतलं, तरी मान पेटलेलीच. "माझी स्किनच सेन्सिटिव्ह आहे बहुतेक," तो म्हणाला.

मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. हा पोरगा ज्या घरचा नातू आहे, त्या घरातल्या कित्येक पिढ्या दुसऱ्यांच्या दाढ्या करण्यात गेल्या आहेत.

हो, आम्ही नाभिक. घरात संत सेना महाराजांची तसबीर आहे, पण इतकी वर्षं इथे काहीबाही खरडत असूनही हे मी कधी लिहिलं नाही. लपवलं नव्हतं, असंही छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही.

आबा, म्हणजे माझे आजोबा, गावचे बलुतेदार. पारावर लिंबाखाली बसायचे. धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, वाटी आणि तुरटीचा खडा. रोख पैसे क्वचित, सुगीला धान्य यायचं. सुट्टीत मी शेजारी बसून बघायचो. वस्तऱ्याची करामत बघायला मिळेल म्हणून बसायचो आणि बघावं लागायचं पाणी! गिऱ्हाइकाच्या गालाला, मानेला आबा पाणी चोळत राहायचे. मला कंटाळा यायचा इतका वेळ. वस्तरा फिरायचा तो दोन मिनिटं.

आपल्या मराठीत कुणाची खरडपट्टी काढली की "बिनपाण्याने हजामत केली" म्हणतात. हा वाक्प्रचार ज्याने पहिल्यांदा वापरला त्याची मान नक्की जळली असणार. कोरडा केस ताठ आणि चिवट असतो. काही मिनिटं कोमट पाण्यात राहिला की तो पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो आणि बराच कमी जोर लावून कापला जातो. कमी जोर म्हणजे कातडीला कमी जाच. आबांना यातलं शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या बोटांना ते ठाऊक होतं.

आता जरा जगाचा इतिहास. शतकानुशतकं दाढी हे बहुतेक ठिकाणी न्हाव्याच्या हातातलं काम होतं. १७७० च्या सुमारास पेरे नावाच्या फ्रेंच कारागिराने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर चक्क पुस्तक लिहिलं. पण खरी उलथापालथ केली अमेरिकेतल्या किंग कॅम्प जिलेटने. वापरून फेकायच्या पात्याची कल्पना त्याला १८९५ साली सुचली. विक्री सुरू झाली १९०३ साली, आणि त्या वर्षी खपले किती, तर ५१ रेझर आणि १६८ पाती! पुढे पहिलं महायुद्ध आलं. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायला हवा, म्हणजे दाढी नको. अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. ती पोरं युद्धावरून परतली ती रोज सकाळी आपली आपण दाढी करायची सवय घेऊनच.

वस्तरा असा न्हाव्याच्या हातून गिऱ्हाइकाच्या हातात आला. चांगलंच झालं म्हणा. पण वस्तरा आला, न्हाव्याची बोटं आली नाहीत.

बोटं म्हणजे काय, ते सांगतो. पाणी चोळताना आबा मानेचे केस वाचत असायचे. गालावरचे केस साधारण खाली वाढतात. मान मात्र मोठी लबाड. कुठे खाली, कुठे आडवे, कुठे चक्क वर, कंठाजवळ भोवरासुद्धा असतो. केसांच्या कलाने वस्तरा नेला तर सुलटा हात, विरुद्ध नेला तर उलटा. मानेवर आबा उलटा हात मारायचे नाहीत. कुणी "जरा घोटून करा" म्हणालं तर हसून तुरटी फिरवायचे आणि आरसा पुढे धरायचे.

कंपन्या नेमकं हेच "घोटून" विकत गेल्या. १९७१ साली जिलेटने दोन पात्यांचं रेझर आणलं, १९९८ साली तीन पात्यांचं, २००६ साली पाच पात्यांचं. पहिलं पातं केस किंचित ओढतं, मागचं तो परत आत जायच्या आधी कापतं. हाताला छान गुळगुळीत लागतं. पण कापलेलं टोक कातडीच्या पातळीखाली जातं, आणि केस कुरळा किंवा राठ असेल तर वाढताना बाहेर यायच्या ऐवजी आतच घुसतो. शरीराला वाटतं काटा रुतला. मग लाली, सूज, पुटकुळी.

अमेरिकेत याचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो काळ्या पुरुषांना, कारण कुरळे केस. सैन्यात तुळतुळीत दाढीचा नियम आणि मानेवर जखमा, अशी कोंडी. डॉक्टरची चिठ्ठी आणली तर सवलत, पण वरिष्ठांच्या नजरेत गबाळा. नेब्रास्का राज्यात पिझ्झा पोचवणाऱ्या एका काळ्या माणसाची नोकरी दाढी ठेवल्याबद्दल गेली. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९३ साली वरच्या न्यायालयाने सांगितलं की हा नियम काळ्या पुरुषांवर अन्याय करणारा ठरतो आणि तो धंद्यासाठी गरजेचा आहे हे कंपनीला दाखवता आलेलं नाही. मानेवरच्या पुटकुळ्या इथवर जाऊ शकतात!

असो. घरी येतो.

माझे वडील, अण्णा, गाव सोडून पुण्यात कारकून झाले. धोकटी गावीच राहिली. मला मिसरूड फुटली तेव्हा अण्णांनी रेझर आणि पात्यांची पुडी हातात ठेवली, बोलले काहीच नाहीत. माझी मान कॉलेजभर पेटलेली असायची. एकदा आबा पुण्याला आले होते. माझी मान बघून म्हणाले, "बस हितं, दाखवतो कशी करायची ती." खोलीत माझे दोन मित्र बसले होते. मी म्हणालो, "नको आबा, उशीर होतोय." आबा "बरं" म्हणाले. पुढल्याच वर्षी ते गेले.

२०११ साली अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही अडखळायला लागलं. त्यांची दाढी मी करायला लागलो. पहिल्याच दिवशी मी मानेवर खालून वर रेझर नेलं, तर डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं. "उल...टा... नको." मग माझी दोन बोटं धरून स्वतःच्या मानेवरून फिरवली. इथे असा, इथे आडवा. म्हणजे या माणसाला सगळं येत होतं. जन्मभर येत होतं. पोराने त्या कामाच्या जवळपासही जाऊ नये म्हणून ते गप्प राहिले. त्यानंतरची दोन वर्षं रोज सकाळी आम्ही दोघं त्या पाण्याच्या वाटीभोवती बसायचो. आम्ही बापलेक इतके जवळ त्याआधी कधी बसलो नव्हतो.

भाच्याला मग सगळं सांगितलं. चार दिवस दाढी बंद, साहेबाला फोटो दाखव, नाहीच ऐकलं तर ट्रिमरने अगदी बारीक ठेव. गार पाण्याची ओली घडी मानेवर ठेव. बिनवासाचं साधं क्रीम लाव, स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह नको. घरात पडलेली कसलीतरी ट्यूब तर मुळीच नको, त्यात स्टेरॉइड असतं आणि कातडी पातळ होते. आत वळलेले केस उपटू नकोस. पू झाला किंवा पंधरा दिवसांत उतरलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा. मग पुन्हा सुरू करशील तेव्हा आंघोळीनंतर कर, एका पात्याने, कातडी न ताणता, न दाबता, केसांच्या कलाने, एकदाच. शेवटी गार पाणी. पुटकुळ्या बसल्यावर तुरटी हवी तर फिरव, बारीक कापलेलं रक्त थांबतं, पण मिनिटभराने धुऊन टाक, नाहीतर कातडी कोरडी पडते.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामा, तुला हे कुणी शिकवलं?"

"तुझ्या आजोबांनी."

"आजोबा तर ऑफिसात होते ना?"

त्याला माहीतच नव्हतं. माझ्या बहिणीनेही सांगितलं नव्हतं, मीही नाही. दिवाळीला तो येतोय. आबांची वाटी माळ्यावर आहे, ती काढून ठेवली आहे.